वाचक विचारतात : ‘ते देउम’ लिहिणारा वेर्दी श्रद्धाळू होता का?

प्रश्न : आमच्या चर्चच्या गायनवृंदात मी अनेक वर्षे खालच्या पट्टीत, म्हणजे बासमध्ये गातो. अलीकडे जुझेप्पे वेर्दी या इटालियन संगीतकाराच्या ‘चार पवित्र रचना’ ऐकल्या आणि भारावून गेलो. सोबतच्या टिपणात तो पक्का नास्तिक होता असे म्हटले आहे. उलट आमच्या वृंदातील एक ज्येष्ठ सांगतात, की पत्नीच्या निधनानंतर तो देवाकडे वळला आणि त्याच दुःखातून हे संगीत आले. खरे काय? आणि यांतले काही आम्हाला मिस्सात, म्हणजे चर्चमधील मुख्य उपासनेत, गाता येईल का? – एक वाचक, वसई

उत्तर : आधी तारखा पाहू, कारण तुमचा निम्मा प्रश्न तारखांनीच सुटतो. चार रचनांपैकी ‘आवे मारिया’ ही मारियेची प्रार्थना १८८९ सालची आहे. पुढे १८९७ मध्ये वेर्दीने तिच्यावरून पुन्हा हात फिरवला. ‘ते देउम’ १८९५-९६ मध्ये आणि ‘स्ताबात मातेर’ १८९६-९७ मध्ये लिहून झाले. हस्तलिखिते रिकोर्दी या प्रकाशकाकडे गेली ती ऑक्टोबर १८९७ मध्ये, आणि जुझेप्पिना स्त्रेप्पोनी, म्हणजे वेर्दीची दुसरी पत्नी, वारली ती त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला. शोकातून भक्तिसंगीत जन्मले ही कथा ऐकायला गोड असली तरी शोकाच्या आधीच संगीत हातावेगळे झाले होते. शिवाय ज्या वयात असा आघात माणसाला खरोखर देवाच्या दारी नेऊन बसवतो, त्या वयात वेर्दीने तो पुरेपूर सोसला होता. १८३८ मध्ये मुलगी, १८३९ मध्ये मुलगा आणि जून १८४० मध्ये पहिली पत्नी मार्गेरिता अशी तिघे दोन वर्षांच्या आत गेली तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता, आणि त्यानंतर तो अधिक धार्मिक झाल्याचे कोठेही दिसत नाही.

मग टिपणातील ‘पक्का नास्तिक’ हे खरे मानायचे का? माझ्या मते तेही नाही, आणि त्यासाठी सर्वांत जवळच्या साक्षीदाराला विचारणे बरे. जुझेप्पिना स्वतः श्रद्धाळू होती. १८७२ मध्ये तिने चेझारे विन्या या वेडाच्या आजारांवर उपचार करणाऱ्या डॉक्टर मित्राला पत्र लिहिले. त्यात ती तक्रार करते, की हा लुटारू (नवऱ्यासाठी तिने योजलेला शब्द हाच आहे) नास्तिक आहे असे मी म्हणणार नाही, पण श्रद्धाळू म्हणावे तर फारच थोडा आहे, आणि तेही इतक्या हट्टाने आणि इतक्या शांतपणे, की त्याला बदडून काढावेसे वाटते. आकाश, पृथ्वी, समुद्र यांच्या अद्भुताविषयी ती घसा कोरडा करून त्याला सांगते, आणि तो तोंडावर हसून ‘तुम्ही सारे वेडे आहात’ एवढे म्हणून तिचा उत्साह गारठवून टाकतो. संसारातले हे दृश्य आपल्याकडील अनेक घरांना ओळखीचे वाटेल. यात चीड आहे, तशीच माया आहे. आणि विशेष म्हणजे ‘नास्तिक’ हा शब्द उच्चारूनही ती तो आपल्या नवऱ्यावर शिक्क्यासारखा मारायला तयार नाही.

दुसरा साक्षीदार आरिगो बोइतो. ‘ओतेल्लो’ आणि ‘फाल्स्ताफ’ या शेवटच्या दोन ऑपेरांच्या संहिता लिहिणारा हा कवी-संगीतकार वेर्दीच्या म्हातारपणी त्याच्या घरातलाच झाला होता. वेर्दीच्या मृत्यूनंतर कामीय बेलेग या फ्रेंच समीक्षकाला त्याने नाताळच्या आदल्या दिवशी एक पत्र लिहिले. वर्षातल्या सगळ्या दिवसांत हा दिवस वेर्दीला सर्वांत प्रिय होता, कारण त्या रात्री त्याला लहानपणीच्या श्रद्धेची जादू आठवत असे. ती श्रद्धा आपणा सर्वांप्रमाणे त्यानेही लवकरच गमावली, पण ती गमावल्याची खंत त्याला आपणा इतरांपेक्षा कदाचित अधिक, आयुष्यभर राहिली, असा त्या पत्राचा आशय आहे. नैतिक आणि सामाजिक अर्थाने तो मोठा ख्रिस्ती होता, पण काटेकोर धर्मशास्त्रीय अर्थाने त्याला कॅथलिक म्हणून पुढे करू नये, असेही बोइतोने बजावले आहे. वेर्दीच्या अंतर्यामाविषयी इतके तोलून कोणी लिहिल्याचे मी वाचलेले नाही. ‘श्रद्धा नाही’ आणि ‘श्रद्धेची खंत आहे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तुम्ही ऐकलेले संगीत दुसऱ्या गोष्टीतून आलेले आहे.

ही खंत चर्चच्या आतूनच आलेली होती, हे विसरता येत नाही. रोंकोले या खेड्यातील चर्चमध्ये वेर्दी पोरवयातच ऑर्गन वाजवू लागला. वेदीपाशी मदत करताना ऑर्गन ऐकण्यात तो इतका हरवला, की पाद्रीने काही मागितलेले त्याला ऐकूच गेले नाही. पाद्रीने लाथ मारली, मुलगा पायऱ्यांवरून खाली आला आणि ‘तुझ्यावर वीज पडो’ असे म्हणाला, ही गोष्ट वेर्दी स्वतः सांगत असे. पुढे १८२८ मध्ये जवळच्याच एका चर्चवर खरोखरच वीज कोसळली आणि तीत पाद्री दगावले. पुढे बुस्सेतो गावात चर्चच्या संगीतप्रमुखाची जागा वेर्दीला मिळू नये म्हणून धर्मगुरूंच्या गटाने दुसरा उमेदवार बसवला आणि गावात उघड दोन तट पडले. स्त्रेप्पोनीशी लग्न न करता तो तिच्यासह तेथे राहिला तेव्हा गावाने जी तोंडे वाकडी केली, त्याचा सल त्याच्या मनातून गेला नाही. पाद्र्यांवरचा त्याचा राग या अनुभवांतून आला, आणि राग पाद्र्यांवर होता म्हणून तो देवावरही असलाच पाहिजे, असे मानण्याची घाई पुष्कळ चरित्रकारांनी केली आहे.

आता प्रत्यक्ष संगीताकडे येऊ, कारण कागदपत्रांपेक्षा ते अधिक बोलते. ‘ते देउम’ हे चर्चचे प्राचीन कृतज्ञतास्तोत्र. युद्ध जिंकले, राजा गादीवर बसला, की ते गायचे, अशी युरोपात शतकानुशतकांची वहिवाट आहे. वेर्दीने १८९६ मध्ये पादुआच्या संत अँथनीच्या बासिलिकातील संगीतप्रमुख ज्योव्हान्नी तेबाल्दिनी याच्याकडे जुन्या ‘ते देउम’ रचनांची चौकशी केली आणि त्या पत्रव्यवहारात आपले म्हणणे मांडले. स्तोत्राचा आरंभ जल्लोषाचा आहे, स्वर्ग आणि पृथ्वी आनंदाने भरली आहेत. पण अर्ध्यावर त्याचा रंग पालटतो, न्याय करायला येणाऱ्याची चाहूल लागते, मनुष्य ‘आम्हाला तार’ म्हणू लागतो आणि शेवटची प्रार्थना तर करुण, काळोखी, थेट भयापर्यंत पोहोचणारी होते. या सगळ्याचा विजयांशी आणि राज्याभिषेकांशी काय संबंध, असे तो विचारतो. ऐंशी ओलांडलेल्या, स्वतःला श्रद्धाळू न म्हणवणाऱ्या या माणसाने स्तोत्राचे शब्द जितक्या बारकाईने वाचले होते, तितक्या बारकाईने ते रोज म्हणणाऱ्यांपैकी किती जण वाचतात, हा प्रश्न मला अनेकदा पडतो.

रचना सुरू होते तेव्हा वाद्यांची साथ नसते. पुरुषांचे आवाज जुन्या ग्रेगोरियन धाटणीने, जवळजवळ पुटपुटल्यासारखे पहिले चरण म्हणतात. समूह दोन आहेत आणि एकाने म्हटले की दुसरा उत्तर देतो. मग ‘सांक्तुस’ (‘पवित्र’) या शब्दावर दोन्ही समूह आणि सगळा वाद्यवृंद एकदम फुटतो. तुम्ही बासमध्ये गाता म्हणून मुद्दाम सांगतो, की आरंभीच्या त्या कुजबुजीचा सारा भार तुमच्या आवाजावर आहे. ती थोडी जरी मोठी झाली तरी पुढच्या स्फोटाचे तेज जाते. पंधरा-सोळा मिनिटांनंतर, ‘हे प्रभो, तुझ्यावर मी आशा ठेवली आहे’ या शेवटच्या चरणाशी एकच स्त्रीस्वर उभा राहतो. इतका वेळ ‘आम्ही’ म्हणणारे हे स्तोत्र शेवटच्या ओळीत ‘मी’ म्हणते, आणि वेर्दीला त्या एकवचनासाठी एकच माणूस हवा होता. त्यानंतर समूह तीच आशा उंच नेतो, पण रचना त्या उंचीवर संपत नाही. गाणे थांबते, फक्त तंतुवाद्ये उरतात आणि अखेर खूप खालचा, अगदी हलका असा एक सूर ऐकू येतो. प्रार्थना ऐकली गेली की नाही, हे संगीत सांगत नाही.

‘स्ताबात मातेर’मध्ये क्रुसाखाली उभ्या असलेल्या मातेचे दुःख आहे. त्याची वीस कडवी वेर्दी एकही ओळ पुन्हा न म्हणता पुरी करतो. पेर्गोलेसीसारख्या आधीच्या संगीतकारांनी याच शब्दांवर चाळीस मिनिटांच्या आसपास वेळ घेतला आहे. येथे बारा-तेरा मिनिटांत सारे उरकते, कारण दुःखावर रेंगाळणे वेर्दीला मान्य नाही. ‘लाउदी आला व्हेर्जिने मारिया’ ही रचना लॅटिनमध्ये नाही. दान्तेच्या ‘पारादिझो’च्या तेहतिसाव्या सर्गात संत बर्नार्डच्या मुखी असलेली मारियेची प्रार्थना केवळ चार स्त्रीस्वरांत, वाद्यांविना बांधलेली आहे. तिची पहिलीच ओळ मारियेला ‘आपल्याच पुत्राची कन्या’ म्हणते.

मिस्साविषयी विचारलेत म्हणून सांगतो. ‘ते देउम’ला दोन पूर्ण समूह आणि मोठा वाद्यवृंद लागतो, तेव्हा तो विचार बाजूला ठेवावा. ‘लाउदी’ मात्र चार तयार स्त्रीस्वर असल्यास जरूर बसवावी. ती उपासनेच्या गंभीर वातावरणात शोभते. इतिहासातील एक गंमत अशी, की वेर्दीच्या मृत्यूनंतर दोनच वर्षांनी, १९०३ मध्ये, पोप दहावे पायस यांनी चर्चसंगीतातील नाटकी वळणाला आणि गायनवृंदातील स्त्रियांना मनाई केली होती, त्यामुळे त्या काळी ही स्त्रीस्वरांची प्रार्थना चर्चमध्ये म्हणणेच अवघड झाले असते. १८७४ मध्ये कवी-कादंबरीकार आलेस्सांद्रो मान्झोनीच्या स्मरणार्थ वेर्दीचे ‘रेक्विएम’, म्हणजे मृतांसाठीच्या मिस्साचे संगीत, मिलानच्या सान मार्को चर्चमध्ये झाले तेव्हाही गायिकांसाठी खास परवानगी काढावी लागली होती. हान्स फॉन ब्यूलो या जर्मन संगीतकाराने त्या ‘रेक्विएम’ला चर्चचे कपडे घातलेला ऑपेरा म्हणून हिणवले आणि अठरा वर्षांनी वेर्दीची पत्राने क्षमा मागितली. नाटकी संगीत म्हणजे खोटी भक्ती, हा ब्यूलोचा आधीचा समज अजूनही गेलेला नाही. ज्या माणसाने जन्मभर रंगभूमीवर माणसाचे भय आणि याचना ऐकल्या, तो देवापुढे उभा राहिला तर दुसऱ्या कोणत्या भाषेत बोलणार?

एक शेवटचा कागद. वेर्दीने मृत्युपत्रात लिहिले, की अंत्ययात्रा अगदी साधी असावी, पहाटे किंवा संध्याकाळी ‘आवे मारिया’च्या वेळी निघावी, गाणे-बजावणे नको, दोन पाद्री, दोन मेणबत्त्या आणि एक क्रूस पुरे. वसईत आणि गोव्यात तिन्हीसांजेची घंटा ऐकत वाढलेल्यांना ती वेळ वेगळी समजावून सांगायला नको. २७ जानेवारी १९०१ रोजी मिलानमध्ये तो गेला. त्याआधी झटक्याने वाचा गेलेली असताना पाद्रीने अंत्यविधीचे तेल लावले. त्याला ते कळले का, त्याने ते मागितले असते का, हे विचारण्याची सोय उरली नव्हती. महिनाभराने त्याचा देह त्यानेच बांधलेल्या वृद्ध संगीतकारांच्या आश्रमात नेला गेला तेव्हा मात्र शेकडो गायकांनी त्याचे गाणे म्हटले आणि मृत्युपत्रातील मौन मोडले.

प्रश्न : ‘आवे मारिया’ एका ‘गूढ स्वरसप्तका’वर बांधली आहे असे वाचले. मी हिंदुस्थानी संगीताची विद्यार्थिनी आहे. हे सप्तक आपल्या कोणत्या रागाशी जुळते? – एक वाचक, पुणे

उत्तर : आपल्या भाषेत ते असे मांडता येईल : आरोहात षड्ज, कोमल ऋषभ, शुद्ध गंधार, तीव्र मध्यम, कोमल धैवत, कोमल निषाद, शुद्ध निषाद आणि तार षड्ज, अवरोहात दोन्ही निषाद, कोमल धैवत, मग तीव्रच्या जागी शुद्ध मध्यम, शुद्ध गंधार, कोमल ऋषभ, षड्ज. पंचम नाहीच. पेटीवर एकदा वाजवून पाहा. चढताना पूर्वी रागाची सावली पडते, उतरताना खालच्या भागात भैरव डोकावतो, आणि लागोपाठचे दोन निषाद या दोन्ही भासांना सुरुंग लावतात. जुळणारा राग सांगता येणार नाही, कारण हे सप्तक रागासारखे गाऊन वाढवण्यासाठी जन्मलेले नाही. बोलोन्याचे संगीतशिक्षक आदोल्फो क्रेशेन्तीनी यांनी ते कोडे म्हणून मिलानच्या एका संगीत नियतकालिकात दिले होते : यावर स्वरसंवाद रचून दाखवा, असे ते आव्हान होते.

पंचाहत्तरी पार केलेल्या वेर्दीने ते उचलले. कोडे सोडवण्याची त्याची पद्धत ऐकताना सहज उमगते. एक आवाज ते सप्तक लांब लांब सुरांत वर नेतो आणि खाली आणतो, तेवढ्या वेळात बाकीचे तीन आवाज त्याच्याभोवती प्रार्थनेचे शब्द गुंफतात. प्रथम बास (पुरुषांचा खालचा आवाज), मग आल्टो (स्त्रियांचा खालचा), मग मध्यमावर षड्ज कल्पून टेनर (पुरुषांचा वरचा) आणि अखेर सोप्रानो (स्त्रियांचा वरचा), असे ते सप्तक चौघांच्या हाती फिरते. आपल्याकडे तानपुऱ्याचा षड्ज अचल राहून गळा फिरतो. येथे ज्यावर टेकायचे तो आधारच अवघड पायऱ्यांवरून चालतो आहे. गाताना सूर ढळू न देणे फार कठीण जाते आणि चांगले चांगले समूह शेवटी पाव सुराने खाली आलेले मी ऐकले आहेत.

वेर्दी स्वतः हिला खेळ समजत असे. आपण आता चौथी ‘आवे मारिया’ लिहीत आहोत, म्हणजे पोप आपल्याला पुण्यात्मा ठरवतील, अशी थट्टा त्याने बोइतोला लिहिलेल्या पत्रात केली. त्यावर बोइतोचे उत्तर मोठे मासलेवाईक आहे : ‘ओतेल्लो’मधील खलनायक इयागोने दुष्ट देवावरील श्रद्धेचे जे गाणे म्हटले, त्याची माफी मिळवायला पुष्कळ ‘आवे मारिया’ लागतील. वेर्दीने उलट टोला दिला, की ते शब्द तुझे होते, तेव्हा खरा अपराधी तूच. दोघे हसत आहेत हे उघड आहे. तरीही त्याच ऑपेरात, मृत्यूच्या काही क्षण आधी, नायिका देस्देमोना जी ‘आवे मारिया’ म्हणते तिच्यात थट्टेचा लवलेश नाही, हे सांगितल्यावाचून मला राहवत नाही. कोड्यातून निघालेली ही चौथी रचना पहिल्या प्रयोगात सामील करावी अशी त्याची इच्छा नव्हती, आणि ७ एप्रिल १८९८ रोजी पॅरिसमध्ये बाकीच्या तीनच झाल्या. डॉक्टरांनी प्रवासाला मनाई केल्यामुळे वेर्दी गेला नाही. त्याच्या वतीने बोइतो गेला. चौघींना एका वेष्टनात बांधले ते प्रकाशकाने, तेव्हा त्या सलग ऐकल्याच पाहिजेत असे काही नाही.

प्रश्न : लंडनला मुलाकडे असताना ‘ते देउम’ प्रत्यक्ष ऐकले. कार्यक्रमाआधी स्वरलिपीची प्रत चाळली होती. संचालकांनी एके ठिकाणी लय चांगलीच मंद केली, पण प्रतीत तशी खूण नव्हती. हे स्वातंत्र्य कितपत योग्य? – एक वाचक, नाशिक

उत्तर : हा प्रश्न खुद्द वेर्दीसमोर आलेला आहे. मे १८९८ मध्ये तूरिन येथील प्रदर्शनात तीन रचनांचा इटलीतील पहिला प्रयोग व्हायचा होता आणि संचालक होता तिशीतला आर्तुरो तोस्कानीनी. ‘ते देउम’मधील एका जागेवर लय थोडी ओढली पाहिजे असे त्याच्या मनाने घेतले होते, पण प्रतीत तसे काहीच लिहिलेले नव्हते, म्हणून शंका घेऊन तो जेनोव्हाला वेर्दीच्या घरी गेला. वेर्दीने त्याला पियानोवर बसवले. ती जागा आली तेव्हा तोस्कानीनीने धीर करून, मनाला पटली तशी लय मंद केली. म्हाताऱ्याने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि शाबासकी दिली. मग हे लिहिले का नाही, असे तोस्कानीनीने विचारताच वेर्दी म्हणाला, की लिहिले असते तर वाईट संगीतकारांनी ती जागा फारच ओढली असती; चांगल्याला ती आपोआप जाणवते.